गाठ चमकलीच नाही, मग ५-एएलए वाया गेलं का?

कऱ्हाडचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, वाचनमात्र होतो इतके दिवस, पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मावसभाऊ, वय ३६, शाळेत गणित शिकवतो. दोन महिन्यांपूर्वी फळ्यावर लिहिता लिहिता फिट आली, पोरांनीच धरून झोपवला. एमआरआय केला तर मेंदूत उजव्या बाजूला पुढे गाठ. डॉक्टर म्हणाले बहुतेक लो ग्रेड ग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींची हळू वाढणारी गाठ) वाटतोय पण एका कोपऱ्याची शंका येतेय, म्हणून ऑपरेशनच्या आधी ५-एएलए नावाचं औषध देऊया, पाण्यात विरघळवून प्यायचं असतं, मग मायक्रोस्कोपच्या निळ्या लाइटमध्ये कॅन्सरच्या पेशी लाल-गुलाबी चमकतात आणि सर्जनला कुठवर काढायचं ते दिसतं. औषध मागवावं लागलं, किंमत ऐकून काका गप्पच झाले. वहिनी म्हणाली दागिने कशासाठी असतात मग, आणि घेतलं.

ऑपरेशन झालं. दादा बरा आहे, चालतो बोलतो, डावा हात पहिले काही दिवस एकदम जड झाला होता तोही सुटला. पण सर्जन बाहेर येऊन म्हणाले की गाठ बरीचशी चमकली नाही, एका कोपऱ्यात आवळ्याएवढा भाग तेवढा गुलाबी दिसला, बाकीची नेव्हिगेशन (एमआरआयच्या नकाशावर जागा दाखवणारं यंत्र) आणि सोनोग्राफी बघून काढली. झालं, घरात तेव्हापासून हाच विषय. मावशीचं म्हणणं औषध डुप्लिकेट निघालं. काकांचं म्हणणं चमकलं नाही म्हणजे तिथं कॅन्सर नव्हताच, उगाच चांगला मेंदू काढला. आणि मला रात्री झोप येत नाही कारण मी उलटा विचार करतोय, न चमकणारं अजून काही आत राहिलं असेल तर?

रिपोर्ट आलाय, अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच म्युटंट, ग्रेड ३. गुलाबी भागाचा तुकडा वेगळ्या डबीत पाठवला होता, त्यात पेशी जास्त दाट आणि जास्त वेगाने वाढणाऱ्या असं लिहिलंय. सर्जन चांगले आहेत पण ओपीडीत गर्दी इतकी की चार वाक्यांच्या पुढे विचारता येत नाही. कुणाला यातलं कळत असेल तर सांगा.

ओटीतली_ताई

दादा बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. मी न्यूरोच्या ओटीत सिस्टर आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

मावशींना सांगा औषध डुप्लिकेट असतं तर तो आवळाही चमकला नसता. एक कोपरा गुलाबी झाला म्हणजे औषध पोटात गेलं, रक्तात आलं आणि कामही केलं.

आमच्याकडे काय करतात सांगते. दीड ग्रॅमची बाटली येते, पावडर असते, ती ५० मिली साध्या पाण्यात विरघळवायची आणि पेशंटच्या वजनाप्रमाणे किलोला २० मिलिग्रॅम या हिशोबाने पाजायची, भूल द्यायच्या साधारण तीन तास आधी. चव आंबूस, पेशंट तोंड वाकडं करतात. चमक लगेच येत नाही, पेशींना वेळ लागतो, म्हणून आधीची केस लांबली तर सगळ्यांची नजर घड्याळाकडे. आणि गाठीवर रक्त साचलेलं असलं तर खाली कितीही चमक असो वरून दिसत नाही, म्हणून सर्जन सारखं पाणी मारून साफ करत असतात, ओटीतले दिवे मंद करायला लावतात. जास्त वेळ लाइट मारत राहिलं तर चमक फिकीही पडते. पण हे सगळं नीट करूनही काही गाठी चमकतच नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. का ते जाणकार सांगतील.

हो आणि दादांना अंधारात ठेवलं होतं ना? एक दिवस कडक ऊन आणि प्रखर दिवा चालत नाही, कातडी भाजल्यासारखी होते. एका पेशंटच्या आजीला वाटलं होतं की नातवाला दृष्ट लागू नये म्हणून खिडक्या झाकल्यात :)

पेशीवेडा

धाग्याच्या निमित्ताने आवडीचा विषय निघाला, लांबण लागेल, चहा घेऊन बसा. मी बायोकेमिस्ट्रीवाला, जर्मनीत असतो, पेशंट बघत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ५-एएलए हा रंग आहे. तो रंग नाहीच, ते स्वतः चमकत नाही. ५-एएलए हा आपल्या शरीरात रोज बनणारा छोटासा रेणू आहे, रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं जे हीम असतं ते बनवायच्या साखळीतला सुरुवातीचा कच्चा माल. (अवांतर: झाडं पण हरितद्रव्य बनवायला हाच रेणू वापरतात.) साखळीत शेवटून दुसरा जो पदार्थ बनतो त्याचं नाव प्रोटोपॉर्फिरिन नऊ. चमकतो तो हा. त्याच्यावर साधारण ४०० नॅनोमीटरचा निळा-जांभळा प्रकाश टाकला की तो ६३५ च्या आसपास लाल प्रकाश सोडतो. घरी बघायचं असेल तर तपकिरी कवचाचं अंडं घ्या आणि नोटा तपासायच्या यूव्ही लाइटखाली धरा, कवच लालसर चमकेल, कारण तिथेही हेच पॉर्फिरिन असतं.

आता तुम्ही कऱ्हाडचे म्हणजे गुऱ्हाळ पाहिलेलंच असणार. ऊस आला, रस काढला, काहिलीत कढवला, काकवी झाली, मग गुळव्याने नेमक्या वेळी काहील उतरवली की गूळ. पेशीचं असंच आहे. ५-एएलए म्हणजे रस, पॉर्फिरिन म्हणजे काकवी, हीम म्हणजे गूळ, आणि गुळव्या म्हणजे फेरोकिलेटेज नावाचं एन्झाइम, ज्याचं काम त्या काकवीत लोहाचा अणू बसवायचा. लोह बसलं की चमक संपली, गूळ चमकत नाही. चांगल्या पेशीत हे काम सुरळीत चालतं. वाढीच्या मागे लागलेल्या कॅन्सरच्या पेशीत गुळव्या बऱ्याचदा अपुरा पडतो, आणि बाहेरून एकदम ढीगभर रस ओतला की काकवी साचते. निळ्या लाइटमध्ये जे लाल दिसतं ती ही साचलेली काकवी.

म्हणजे गाठ चमकायला किती गोष्टी जुळून याव्या लागतात बघा. पहिलं म्हणजे रस गुऱ्हाळापर्यंत पोचला पाहिजे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक कडक चाळणी असते, ती ५-एएलएला सहजासहजी आत सोडत नाही. ग्लायोब्लास्टोमासारखी आक्रमक गाठ नव्या, कच्च्या, गळक्या रक्तवाहिन्या तयार करते, तिथून औषध भसाभसा आत जातं. लो ग्रेड गाठीत चाळणी बऱ्यापैकी शाबूत असते, आणि म्हणूनच ती एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्टही (स्कॅनवर गाठ उजळून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) घेत नाही. मग पेशीच्या दारावर रस आत ओढून घेणारे वाहक असतात ते किती आहेत, आतली एन्झाइमं किती वेगाने कढवतात, गुळव्या किती सुस्त आहे. आणि एक चोरवाटही आहे, एबीसीजी२ नावाचा पंप, तो तयार काकवी पेशीबाहेर फेकत राहतो, हा पंप जोरात चालला तर काकवी बनूनही साचत नाही.

यावर शेवटची गोम म्हणजे पेशींची दाटी. लो ग्रेड ग्लायोमात कॅन्सरच्या पेशी चांगल्या मेंदूत विखुरलेल्या असतात, भातात खडे असावेत तशा. एकेक पेशी थोडी चमकत असली तरी सर्जनच्या डोळ्याला मायक्रोस्कोपमधून तेवढं कळत नाही. अमेरिकेत डार्टमथच्या टीमने मोजणारी यंत्रं लावून दाखवलं की डोळ्याला अजिबात न चमकणाऱ्या लो ग्रेड गाठीतही पॉर्फिरिन असतं, फक्त आपल्या डोळ्याच्या उंबऱ्याच्या खाली. त्यामुळे तुमच्या काकांचं म्हणणं, की चमकलं नाही म्हणजे कॅन्सर नव्हता, हे धरू नका.

आयडीएचचं थोडक्यात. हे पेशीतलं एक एन्झाइम, जनुकातल्या बदलाने (म्युटेशन) ते बिघडलं की पेशीच्या आतल्या चयापचयाची वाटच बदलते, अशी गाठ म्हणजे आयडीएच म्युटंट. पेशंटमध्ये बघितलं तर आयडीएच म्युटंट गाठी कमी चमकतात, पण त्या मुळातच हळू वाढणाऱ्या आणि कमी गळक्या असतात, आणि प्रयोगशाळेत नुसतं ते म्युटेशन पेशीत घातलं तर काही ठिकाणी चमक उलट वाढलेली दिसलीये. तेव्हा सगळं खापर आयडीएचवर फोडू नये असं माझं मत. फिटच्या गोळ्यांचं पण बोललं जातं, फेनिटॉइन दिलेल्या पेशींमध्ये पॉर्फिरिन कमी साचतं असं प्रयोगशाळेत दिसलंय, पण म्हणून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत, प्लीज.

सांजवात

पेशीवेडा, गुऱ्हाळ जबरदस्त. वाचनखूण साठवली.

आमचा उलटा अनुभव. बाबांची गाठ ग्लायोब्लास्टोमा होती. सर्जनने नंतर व्हिडिओ दाखवला, निळ्या अंधारात निखाऱ्यासारखी लालभडक कड आणि मध्ये मात्र काळं. मी विचारलं मधलं का नाही चमकत, तर म्हणाले तिथल्या पेशी मेलेल्या आहेत, मेलेली पेशी काही बनवत नाही. सगळं लाल काढलं, दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये काही शिल्लक नाही, आम्ही पेढे वाटले हो अक्षरशः. अकरा महिन्यांनी त्याच जागेच्या काठाला परत आली. तेव्हा कुणीतरी समजावलं की लालच्या पलीकडे फिकट गुलाबी आणि गुलाबीच्या पलीकडे काहीच न दिसणारा पट्टा असतो, आणि पेशी त्या पट्ट्यातही असतातच.

मी घाबरवायला नाही लिहीत. तुमच्या दादाची गाठ वेगळ्या जातीची आहे, आयडीएच म्युटंटवाले पुष्कळ जास्त वर्षं काढतात हे मला तेव्हा पाठ झालं होतं, कारण आमच्या रिपोर्टवर तो शब्द नव्हता. बाबांची चमकली ती वाईट जातीची होती म्हणून. तुमची नाही चमकली यावर घरात रडारड नको एवढंच.

रात्रपाळी

उशिरा येतोय, ड्युटी होती. न्यूरोसर्जरीचा रेसिडेंट आहे. पेशीवेडा यांना +१, मी फक्त टेबलावरची बाजू सांगतो. तुमच्या दादाचे स्कॅन मी बघितलेले नाहीत, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा.

आधी तो कोपरा. माझ्या मते तुमचे पैसे तिथेच वसूल झाले आणि तुमच्या सर्जनने एकदम शहाणपणाचं काम केलंय. लो ग्रेड दिसणारी गाठ सगळीकडे सारखी नसतेच, बाजरीच्या शेतात मध्येच ज्वारीचं ताट उगवावं तसा एखादा भाग आतल्या आत वरच्या ग्रेडचा झालेला असतो. ग्रेड ठरते ती सगळ्यात वाईट भागावरून. आता जर पॅथॉलॉजीला नुसता शांत भागाचा तुकडा गेला असता तर रिपोर्ट ग्रेड २ आला असता आणि पुढची ट्रीटमेंटही कदाचित तशीच हलकी ठरली असती. व्हिएन्नाच्या ग्रुपने हेच दाखवलं होतं, की कॉन्ट्रास्ट न घेणाऱ्या ग्लायोमामध्ये जो ठिपका चमकतो तिथेच बऱ्याचदा वाढ झपाट्याने होत असते. आणि हा ठिपका नेव्हिगेशनवर शोधणं अवघड, कारण कवटी उघडून पाणी निघून गेलं की मेंदू खाली बसतो आणि सकाळचा एमआरआय नकाशा काही मिलिमीटरने, कधी त्याहून जास्त, खोटा पडतो. चमक मात्र त्या क्षणाची असते. म्हणून तर तुकडा वेगळ्या डबीत पाठवला.

या औषधाचा मूळ पुरावा ग्लायोब्लास्टोमासारख्या हाय ग्रेड गाठींचा आहे. जर्मनीत श्टुमर यांची ट्रायल, २००६ साली छापून आली. निळ्या लाइटवाल्या गटात ६५ टक्के पेशंटमध्ये एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली, साध्या लाइटमध्ये ३६ टक्के. सहा महिन्यांनी गाठ वाढलेली नाही असे ४१ टक्के विरुद्ध २१ टक्के. आकडे मोठे आहेत, त्यावरच युरोपात २००७ ला परवानगी मिळाली आणि अमेरिकेत २०१७ ला. पण दोन्ही गटांच्या एकूण आयुष्यात ठळक फरक दिसला नव्हता, हे जाहिरात करणारे जरा हळू आवाजात सांगतात. माझं मत विचाराल तर हत्यार चांगलं आहे पण देव्हाऱ्यात ठेवू नये.

चमकलं म्हणजे सगळं काढायचं असंही नसतं. चमक सर्जनला गाठ दाखवते, तिथून हाताची बोटं चालतात की बोलणं चालतं हे दाखवत नाही. त्यासाठी करंट देऊन मेंदू तपासत जातात, कधी पेशंटला जागं ठेवून. तुमच्या दादाचा डावा हात जड होऊन सुटला यावरून वाटतंय की ते हालचालीच्या भागाच्या बऱ्यापैकी जवळ गेले होते आणि वेळेवर थांबले. तिथे मुद्दाम थोडं ठेवलं असेल तर ते राहून गेलेलं नाही, ठेवलेलं आहे.

तुमच्या रात्रीच्या विचाराबद्दल. भडक लाल दिसलं तर ती गाठच असण्याची खात्री हाय ग्रेडमध्ये खूप असते. उलटं खरं नाही, न दिसणं हा पुरावा नव्हे. पेशी राहिल्या असणार, ग्लायोमा पसरणारा आजार आहे, अगदी सुंदर ऑपरेशननंतरही काठाला पेशी राहतातच, म्हणून तर रेडिएशन आणि केमो. किती राहिलं याचं उत्तर ऑपरेशननंतरच्या एमआरआयमध्ये बघा, आणि कॉन्ट्रास्ट न घेणाऱ्या गाठीत त्याची फ्लेअर नावाची फिल्म बघायची असते, नुसती कॉन्ट्रास्टची नाही. सर्जनला हाच एक प्रश्न विचारा, चार वाक्यांत बसेल.

ओटीतली_ताई

रात्रपाळी, एक विचारू? आमच्याकडे काही सर ५-एएलएऐवजी शिरेतून पिवळं औषध देतात, डोळ्याच्या अँजिओग्राफीला वापरतात तेच, फ्लोरेसीन. स्वस्तात होतं. ते पण चमकतं मग एवढं महागडं कशाला?

रात्रपाळी

ताई, फरक गुऱ्हाळाचाच. फ्लोरेसीनला पेशीशी काही देणंघेणं नाही, ते तयार रंग आहे, रक्तवाहिनी गळकी असेल तिथून झिरपून पसरतं. १९४८ साली अमेरिकेत मूर नावाच्या सर्जनने मेंदूच्या गाठींसाठी वापरून छापलं होतं, म्हणजे आयडिया आपल्या आजोबांच्या काळातली. आता मायक्रोस्कोपला पिवळा फिल्टर मिळतो त्यामुळे परत चलनात आलंय आणि आपल्याकडे खर्च बघता मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, कॉन्ट्रास्ट घेणाऱ्या गाठीत छान दिसतं. पण सूज असलेल्या मेंदूतही झिरपतं, आपण कापलेल्या कडेलाही झिरपतं. आणि या दादांच्या गाठीत रक्तवाहिन्या शाबूत, तिथे फ्लोरेसीननेही फारसं काही दाखवलं नसतं.

खोटी चमक ५-एएलएमध्येही येते बरं का, विशेषतः परत ऑपरेशन करताना. रेडिएशनने खराब झालेला भाग, सूज, जंतुसंसर्ग, चिडलेल्या आधारपेशी, या सगळ्या थोड्या गुलाबी होऊ शकतात. परळच्या टाटा मेमोरियलच्या न्यूरोसर्जरीवाल्यांनी ५-एएलएच्या जोडीला नेव्हिगेशनवाली थ्रीडी सोनोग्राफी वापरून बरंच काम छापलंय, त्यामागे विचार हाच की वरची चमक आणि खालची सोनोग्राफी एकमेकांची उणीव भरून काढतात. चमक फक्त पृष्ठभागाची दिसते, पापुद्र्याएवढा मेंदू वर आला तरी खालची गाठ झाकली जाते, सोनोग्राफी खोल बघते. तुमच्या सर्जननेही तेच केलेलं दिसतंय.

पेशीवेडा

रात्रपाळी, चिडलेल्या आधारपेशी हा शब्द आवडला, आमच्याकडे रिअ‍ॅक्टिव्ह म्हणून मोकळे होतो.

अजून एक भर, ज्यांना पॉर्फिरिया नावाचा आजार असतो, म्हणजे जन्मतःच या साखळीत कुठंतरी बिघाड, त्यांना हे औषध देत नाहीत, काकवी आधीच साचलेली असते. घरात कुणाला असेल तर आधी सांगायचं. बाकी काकवी साचतेच आहे तर तिचाच वापर करून त्या पेशी मारता येतील का, प्रकाश टाकून किंवा ध्वनिलहरी सोडून, यावर ट्रायल चालू आहेत. आत्ता कुणी पैसे घेऊन ही ट्रीटमेंट देतो म्हणालं तर लांब राहा.

कऱ्हाडचा_पाहुणा

सगळ्यांना दंडवत. कालच्या रविवारी मावशीकडे गेलो होतो, प्रिंट काढून नेली. काकांना ट्रायलचे आकडे वाचून दाखवले, ऐकले पण चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही. मावशीला गुऱ्हाळाचं सांगितलं, तिच्या माहेरी गुऱ्हाळ होतं, ती म्हणाली म्हणजे त्या कोपऱ्यातला गुळव्या पळाला होता म्हणून तो सापडला, आणि बाकीच्यांनी गूळ करून टाकला म्हणून ते दिसले नाहीत. मी म्हटलं आणि काहींच्या दारात रसच पोचला नव्हता. मग तिने दादाला विचारलं तुझ्या डोक्यात एवढं चाललंय आणि तू वर्गात फॅक्टरायझेशन शिकवत होतास का रे. दादा हसला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मोठ्याने हसला असं वहिनी म्हणाली.

सांजवात, बाबांचं वाचून वाईट वाटलं, तरी लिहिलंत त्याबद्दल आभार.

फ्लेअरचं सर्जनना विचारलं. त्यांनी फिल्म लावून दाखवली, मागच्या बाजूला पातळ पट्टी आहे, हाताच्या भागाला चिकटून, म्हणाले ती मी मुद्दाम ठेवलीये. म्हणजे रात्रपाळी म्हणाले तेच. गुरुवारी रेडिएशनच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे, त्यांच्याकडे स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) दोन्ही न्यायचे की नुसता रिपोर्ट पुरतो?

रात्रपाळी

दोन्ही न्या, आणि गुलाबी कोपऱ्याचा ब्लॉक नंबर रिपोर्टवर कुठला आहे त्याला पेनने गोल करून ठेवा. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायची वेळ आली तर तोच आधी बघायला सांगायचा.